वासराचा डोळा, बेंबी आणि थर्मल कॅमेरा: गोव्याच्या गोठ्यात संसर्ग लवकर ओळखताना

वासराच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात लालसर मांसाचा एक बारका उंचवटा असतो. त्यावर केस नसतात, कातडी पातळ असते आणि खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. थर्मल कॅमेऱ्याच्या, म्हणजे उष्णता रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, पडद्यावर सगळं तोंड पिवळं-नारिंगी दिसतं, तेव्हा हा ठिपका आणि खालच्या पापणीची कड पांढरीशुभ्र उठून दिसते. आमचं निम्मं काम या हरभऱ्याएवढ्या जागेवर चालतं. उरलेलं काम बेंबी, गुडघे आणि कान यांच्यावर.

पाठ, पोट, बरगड्या यांचे फोटो दिसायला छान येतात, पण उपयोगाचे क्वचितच असतात. केसांच्या आत हवा अडकते आणि कॅमेऱ्याला कातडीऐवजी केसांचं टोक दिसतं. फुप्फुसाला सूज आली म्हणजे बरगडीवर लाल चट्टा दिसेल, अशी नव्याने कॅमेरा घेणाऱ्याची अपेक्षा असते. तसा तो दिसत नाही. फुप्फुसाच्या आजारात आपल्याला दिसतो तो ताप, आणि तो डोळ्यात दिसतो.

हे तंत्र काही आजचं नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लाकोम्ब इथल्या संशोधकांनी २००४ साली वासरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विषाणूची लागण केलेल्या वासरांच्या डोळ्याचं तापमान आजाराची बाहेरची लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच वाढू लागलं होतं. आपल्याकडे फायदा नेमका इथेच आहे. वासरू कान पाडून उभं राहिलं, नाकातून घट्ट शेंबूड यायला लागला, दूध सोडलं, की मग डॉक्टरांना फोन जातो. तोवर न्यूमोनिया बराच पुढे गेलेला असतो. दीड-दोन महिन्यांच्या पाडीच्या बाबतीत एका दिवसाचा फरकही फार मोठा असतो.

पण कॅनडाचा गोठा आणि फोंडा-सत्तरीचा गोठा यांत हवेचाच केवढा फरक. तिकडे हवा थंड आणि कोरडी, त्यामुळे गरम अंग ठळक दिसतं. इकडे पावसाळ्यात हवा २६-२७ अंश आणि आर्द्रता नव्वदीच्या पुढे, मे महिन्यात दुपारी ३३-३४ अंश. अंग आणि भोवतालची हवा यांच्यातला फरकच कमी, म्हणून चित्र फिकट. शिवाय चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, खाली अंथरलेला ओला पातेरा (पालापाचोळा), बाजूला कुळागराची, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेची सावली. परदेशी माहितीपत्रकातल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर आकडे भलतेच येतात.

आधी कॅमेऱ्याविषयी. दोन गोष्टी पाहायच्या, रिझोल्यूशन आणि कोन. मोबाइलला जोडायचा एक सर्वसाधारण कॅमेरा १६० बाय १२० पिक्सेलचा आणि सुमारे ५७ अंश रुंदीचा असतो. ५७ भागिले १६० म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण ०.३६ अंश. अर्धा मीटर अंतरावर एक पिक्सेल सुमारे ३ मिलिमीटर जागा झाकतो. एका पिक्सेलवर भरवसा ठेवता येत नाही. निदान तीन बाय तीन पिक्सेल त्या जागेवर पडायला हवेत, म्हणजे ९ मिलिमीटर. डोळ्याच्या कोपऱ्यातला उंचवटा त्याहून लहान असतो. म्हणून असला कॅमेरा २५-३० सेंटीमीटरपर्यंत जवळ न्यावा लागतो, नाहीतर कोपऱ्याच्या आकड्यात शेजारच्या केसाळ कातडीचा आकडा मिसळतो आणि ताप लपतो. ३२० बाय २४० पिक्सेल आणि २५ अंश कोनाच्या हातातल्या कॅमेऱ्याला हेच काम एक मीटरवरून जमतं, कारण तिथे त्याचा पिक्सेल दीड मिलिमीटरहूनही लहान पडतो. विजेच्या पॅनेलची तपासणी करणारे वायरमन जे कॅमेरे वापरतात तेही चालतात, फक्त कोन बघून अंतर ठरवावं. ८० बाय ६० चे स्वस्त कॅमेरे बेंबी-गुडघ्यापुरते ठीक, डोळ्यासाठी नाहीत.

कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची गन अनेक घरांत पडून आहे. ती वासराला लावू नये. माणसाच्या कपाळाचा आकडा घेऊन आतल्या आत त्यात भर घालून ‘शरीराचं तापमान’ दाखवण्यासाठी ती बनवलेली असते. वासराला तो हिशेब लागू नाही. कारखान्यात वापरायची लेझरवाली गन घेतली तरी तिचं अंतर-ठिपका प्रमाण बहुधा १२ ला १ असतं, म्हणजे ६० सेंटीमीटरवरून ती ५ सेंटीमीटरच्या वर्तुळाची सरासरी देते. त्यात अख्खा डोळा, पापण्या आणि वरचे केस सगळंच येतं.

माहितीपत्रकावर अचूकता ‘अधिक-उणे २ अंश’ लिहिलेली असते. ती वाचून पुष्कळजण हात टेकतात, कारण निरोगी आणि तापलेल्या वासरात फरकच मुळी एक-दीड अंशाचा. पण ही चूक बहुतेक करून सगळ्या आकड्यांना सारखी लागते. कॅमेरा एक अंश कमी दाखवत असेल तर त्या सकाळी पाचही वासरांना एक अंश कमीच दाखवेल. म्हणून आम्ही कुठल्याही एकट्या आकड्यावर निर्णय घेत नाही. वासराची तुलना शेजारच्या वासरांशी, त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी आणि डाव्या बाजूची उजव्या बाजूशी करायची. या तुलनांसाठी महत्त्वाची असते ती कॅमेऱ्याची संवेदनशीलता, आणि ती ०.०५ ते ०.१ अंश इतकी बारीक असते.

तरीही कॅमेरा रोज तपासून घ्यावा. एका स्टीलच्या गडव्याला बाहेरून काळी विजेची टेप चिकटवून ठेवलेली असते. गडव्यात ३८-३९ अंशांचं कोमट पाणी घालायचं, डिजिटल थर्मामीटर बुडवायचा, चमच्याने ढवळायचं आणि मिनिटभराने टेपचा फोटो घ्यायचा. उघड्या स्टीलवर कॅमेरा धरू नये, चकचकीत धातू स्वतःची उष्णता न दाखवता समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. पाण्याच्या पृष्ठभागावरही नको, तिथे वाफ उडून वरचा थर थंड होतो. टेपची एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो तो आकडा, कॅमेऱ्यात ०.९५ ठेवायची, वासराकडे वळताना ०.९८ करायची. थर्मामीटर आणि कॅमेरा यांच्यातला फरक वहीच्या डोक्यावर लिहायचा. तो रोज साधारण सारखा आला पाहिजे. आज ०.८ आणि उद्या २.१ आला तर कॅमेरा पुरेसा स्थिर झालेला नाही. चालू केल्यावर दहा मिनिटं तरी त्याला द्यावी लागतात. मधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो तो आतल्या झडपेचा (शटरचा), तेव्हा कॅमेरा स्वतःला शून्यावर आणत असतो. तो आवाज झाल्यावर लगेच फोटो घ्यावा.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून थेट गोठ्यात कॅमेरा आणला की भिंगावर दव धरतं. पावसाळ्यात तर हमखास. थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं, डोळ्यांना ते आरशासारखं काळपट दिसतं आणि त्यावरचा पाण्याचा पातळ थर चटकन लक्षात येत नाही. चित्र मात्र एकदम मळकट होतं आणि सगळे आकडे खाली सरकतात. शर्टाच्या टोकाने पुसू नये, वरचा लेप खरवडतो. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच वीस-पंचवीस मिनिटं गोठ्याच्या हवेत राहू द्यावा, म्हणजे दव पिशवीवर धरतं.

वेळ पहाटेची, धारेच्या आधीची. सोसायटीत दूध पोचवायची घाई असते हे खरं, पण पान्हा सोडायला वासरू गाईला लावण्यापूर्वीच फोटो झाले पाहिजेत. दूध पिताना वासराचं तोंड ओलं होतं, ढुशा देऊन देऊन अंग गरम होतं, आणि डोळ्याखाली आचळाचं दूध उडालं तर तिथे थंड पट्टा दिसतो. सूर्य वर आल्यावर तर कामच थांबवावं. काळ्या-पांढऱ्या संकरित होल्स्टीन वासराला उन्हात उभं करून फोटो घेतला तर काळे ठिपके पांढऱ्यापेक्षा कितीतरी गरम दिसतात, अंगावरचा नकाशाच जणू पडद्यावर उमटतो. तेच वासरू पहाटे पाहिलं तर दोन्ही रंग जवळजवळ सारखे. थर्मल कॅमेऱ्याला केसांचा रंग कळत नाही, त्या रंगाने शोषलेलं ऊन तेवढं कळतं. गोव्याच्या श्वेतकपिला गाईचं पांढरं वासरू आणि अगोंद गोवन या इथल्याच जातीच्या डुकराचं काळं पिल्लू सावलीत एकाच नियमाने मोजता येतं.

ढगाळ हवेत दिवसा काम करायचं झालंच तर पत्र्याचं भान ठेवावं. तापलेला पत्रा ५० अंशांवर गेला तर कातडीवरून परावर्तित होऊन येणारी त्याची उष्णता आकड्यात साधारण अर्ध्या अंशाची भर घालते. ज्या खेळात एका अंशावर निर्णय होतो तिथे अर्धा अंश फार झाला. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून परत सपाट करायची, पुठ्ठ्यावर लावून वासराच्या तोंडाशेजारी धरायची, एमिसिव्हिटी १ करून तिचा आकडा बघायचा आणि तो कॅमेऱ्याच्या ‘परावर्तित तापमान’ या जागी भरायचा. पहाटे हा आकडा हवेच्या तापमानाएवढाच येतो, म्हणून पहाटे काम करणाऱ्याला ही कसरत रोज करावी लागत नाही.

वासरू बसलेलं असेल तर उठवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ज्या कुशीवर ते झोपलेलं असतं ती कूस, त्या बाजूचा गुडघा आणि पोट पातेऱ्याच्या उबेने गरम असतात. उठवल्या उठवल्या फोटो घेतला तर डावा गुडघा उजव्यापेक्षा दोन अंश गरम दिसतो आणि सांध्याचा संसर्ग असल्याचा संशय विनाकारण येतो. धरपकडही टाळावी. भ्यालेल्या वासराच्या डोळ्याचं तापमान आधी झटकन खाली येतं, मग चढतं. ज्याच्या हातचं ते खातं त्यानेच मानेवर खाजवत उभं राहावं आणि दुसऱ्याने फोटो घ्यावा. दावं ओढून, कान पिरगाळून घेतलेला आकडा लिहूच नये.

पावसात भिजून आलेल्या वासराचा फोटो निरुपयोगी. पाण्याचा थर उष्णता आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला पाणीच दिसतं, आणि ते पाणी उडताना केस थंड करतं. टॉवेलने टिपून भागत नाही, पूर्ण वाळायला हवं. पंखा आधी बंद करावा. डासांसाठी गोठ्यात धुरी केली असेल तर ती विझल्यावरही काही वेळ डोळ्यांतून पाणी वाहत असतं. अशा वेळी डोळा सोडून कानामागची जागा आणि बेंबी बघून घ्यावी, डोळ्याकडे नंतर परत यावं.

क्रम असा: सर्वांत लहान आणि ठणठणीत वासरापासून सुरुवात, आजारी किंवा संशयित वासरू शेवटी. गमबूट आणि हात यांवरून हगवण एका खुंट्यावरून दुसऱ्या खुंट्यावर जाते आणि कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस तर प्रत्येकाच्या तोंडाशी जात असतो. कॅमेऱ्याचं अंग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावं, भिंग मात्र उघडं. काचेतून किंवा जाड प्लास्टिकमधून थर्मल कॅमेऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही.

प्रत्येक वासराचे दोन्ही डोळे. बाजूने, थोडं पुढून, कॅमेरा डोळ्याच्याच उंचीवर. फार तिरका कोन झाला की आकडा घसरतो. पापणी उघडी असतानाच दोन-तीन फोटो घ्यावेत आणि सर्वांत जास्त आलेला आकडा ठेवावा. चौकट आखून तिच्यातला कमाल आकडा वाचायचा, सरासरी नाही. सरासरीत पापणीचे केस आणि माश्याही येतात. एक डोळा दुसऱ्यापेक्षा अंशभर गरम असेल तर तापाआधी डोळ्याच्याच आजाराचा संशय घ्यावा: पाणी गळणं, उजेडात मिचकावणं, बुबुळावर पांढुरका डाग. खऱ्या तापात दोन्ही डोळे बरोबरीने चढतात.

रंगांवर जाऊ नये, हे सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागतं. कॅमेरा आपोआप रंगपट्टी बदलतो; समोर जे सर्वांत गरम असेल ते पांढरं, सर्वांत थंड ते काळं. चौकटीत गरम कंदील आला की तापलेलं वासरूही निळं दिसतं, आणि नुसतं तोंड चौकटीत असलं की निरोगी वासराचा डोळाही पांढरा लखलखतो. पट्टी २८ ते ४० अंशांवर कुलूपबंद करून ठेवावी. फोटोसुद्धा तापमानासकट साठवणाऱ्या स्वरूपात ठेवावा, स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांना पाठवला तर त्यांच्या हातात नुसते रंग पडतात.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणाने सांगतो. समजा एका सकाळी पाच वासरांचे डोळे ३६.४, ३६.६, ३६.३, ३७.८ आणि ३६.५ आले. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा ३६.५. चौथं वासरू त्याच्यापेक्षा १.३ ने वर आहे, ते बाजूला काढायचं. दुसऱ्या सकाळी, रात्रभर उकडल्यावर, आकडे ३७.१, ३७.३, ३७.०, ३७.४, ३७.२ आले तर? सगळेच कालच्यापेक्षा वर, पण मधला ३७.२ आणि कोणीही त्यापासून दूर नाही. इथे कोणाला ताप नाही, रात्र गरम होती इतकंच. ‘३७ च्या वर गेलं की ताप’ असा एकच आकडा भिंतीवर लिहून ठेवणाऱ्याची अशा सकाळी धांदल उडते. त्यातही एखादं वासरू नेहमीच इतरांपेक्षा ०.४ ने वर असतं. आठवडाभर नोंदी ठेवल्या की प्रत्येकाचा असा स्वभाव कळतो, आणि मग वाढ मोजायची ती त्या स्वभावापासून.

आमचा नियम साधा आहे. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक सोडून द्यायचा. अर्धा ते एक अंश असेल तर अर्ध्या तासाने परत बघायचं. एक अंश किंवा जास्त असेल तर थर्मामीटर. इथे एककाचा घोळ होतो, कारण कॅमेरा सेल्सिअसमध्ये बोलतो आणि डॉक्टर, शेतकरी फॅरनहाइटमध्ये. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८. वहीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

शेपटीखाली थर्मामीटर लावताना तो शेणात रुतू नये, आतल्या भिंतीला टेकला पाहिजे; शेणात राहिला तर आकडा कमी येतो. दोरी बांधून तिचा चिमटा शेपटीच्या केसांना लावावा. वासराचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९.५, म्हणजे १०१.३ ते १०३.१ फॅरनहाइट. डोळ्याचा आकडा यापेक्षा सहसा एक-दोन अंशांनी कमी येतो, म्हणून दोन्ही जुळत नाहीत याची चिंता नको. १०३.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं आणि वासरू वेगळं बांधायचं. कॅमेऱ्यावर डोळा गरम दिसला म्हणून घरातलं उरलेलं प्रतिजैविक टोचणं हा प्रकार कटाक्षाने टाळावा. कोणता जंतू आहे, मुळात जंतू आहे की विषाणू, हे कॅमेरा सांगत नाही.

आता थंडपणाविषयी, ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ताप चढत असताना शरीर उष्णता आत ओढून धरतं, कान आणि पायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. पडद्यावर डोळा गरम आणि कान मात्र टोकापासून मुळापर्यंत काळेनिळे, असं चित्र दिसलं तर ताप नुकता चढायला लागला आहे असं समजावं. तासा-दोन तासांनी कानही गरम होतात. याउलट हगवणीच्या वासराचा डोळाही उतरलेला आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत थंड दिसतात. हे तापाहून धोक्याचं. अंगातलं पाणी कमी झाल्याने रक्त टोकांपर्यंत पोचत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे खोल गेले असतील, थर्मामीटर १०० फॅरनहाइटच्या खाली असेल तर सकाळ उजाडायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा. ‘ताप नाही’ म्हणून असं वासरू निरोगींच्या यादीत टाकलं जातं, ही कॅमेरा वापरणाऱ्यांची नेहमीची फसगत.

बेंबी पहिले दोन आठवडे रोज बघायची. निरोगी वासराची नाळ वाळत जाते, आणि वाळलेल्या नाळेत रक्त नसल्याने ती भोवतालच्या कातडीपेक्षा थंड दिसते: उबदार पोटावर एक काळपट काडी. संसर्ग झाला की काडीच्या मुळाशी गरम वर्तुळ येतं, ते दिवसागणिक रुंद होतं, आणि पुढे गरम पट्टा पोटाच्या मधोमध पुढे-मागे सरकताना दिसू शकतो. फोटो खालून घ्यावा, वासरू उभं असताना, कॅमेरा जमिनीलगत धरून. पातेरा आणि शेणाचे कण आधी हाताने झाडावेत, वाळलेलं शेण गरम कातडी झाकून ठेवतं. शेजारचं त्याच वयाचं वासरू असेल तर त्याच्याशी ताडून बघावं. वर्तुळ दिसल्यावर हात लावायचाच. जाडी बोटापेक्षा जास्त, दाबलं की वासरू पोट आखडतं, वास येतो, ओलं लागतं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टर. जन्मल्यावर नाळ ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवतात. बुडवल्या बुडवल्या फोटो घेतला तर स्पिरिट उडून अख्खी जागा थंड दिसते. पूर्ण वाळू द्यावं. शिंपडून भागत नाही, लहान वाटीत नाळ मुळापर्यंत बुडली पाहिजे. जन्मल्यावर पहिल्या दोन-चार तासांत चीक पोटात गेला नाही तर हे जंतू रक्तातून सांध्यांत उतरू शकतात, आणि मग कॅमेरा गुडघ्यांवर न्यावा लागतो.

सांध्यांत कॅमेरा खरोखर डोळ्यापेक्षाही भरवशाचा वाटतो, कारण तुलना हाताशीच असते. पुढचे दोन्ही गुडघे समोरून एकाच चौकटीत, मागचे दोन्ही मागून. उजव्या-डाव्यात एक अंशाहून जास्त फरक, तोही पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर टिकून असलेला, म्हणजे सांधा हाताने चाचपायचा. चिऱ्यावर घासून सोलवटलेला गुडघाही गरम दिसतो, तेवढं आधी पाहावं.

गोचिडतापात, म्हणजे थायलेरियोसिसमध्ये, कॅमेऱ्याचा उपयोग मर्यादित. संकरित जर्सी-होल्स्टीन वासरांना तो जास्त होतो, ताप १०४ ते १०६ पर्यंत जातो आणि डोळा स्पष्ट गरम दिसतो. पण खांद्यापुढची सुजलेली गाठ केसांखाली असते, ती कॅमेऱ्यापेक्षा हाताला आधी लागते. डोळा गरम आणि गाठ मोठी असं एकत्र आढळलं तर डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घेतात. गोचीड मात्र उघड्या हाताने काढून चिरडू नये. सत्तरीत माकडतापाचं भय आहे, आणि तोही गोचिडांमार्फतच पसरतो.

पावसाळ्याआधी घटसर्पाची आणि ठरल्या वेळी लाळ्या-खुरकुताची लस टोचली की एक-दोन दिवस वासरांचे डोळे चढलेले दिसतात. वहीत लसीची तारीख नसेल तर हा ताप आजाराच्या खात्यात जमा होतो. वहीत कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांपैकी शेवटचे चार, वेळ, हवेचं तापमान, दोन्ही डोळे, बेंबी, सांधे आणि शेरा इतके रकाने पुरतात. ‘काळी पाडी’, ‘कपाळावर चांद’ असली नावं घरच्यांना कळतात, चवथीच्या दिवसांत गोठा सांभाळायला आलेल्या माणसाला कळत नाहीत.

डुकराच्या पिल्लांना आणि करडांना हीच पद्धत थोड्या फरकाने लागू पडते. पिल्लं एकमेकांवर चढून झोपलेली असतात, तेव्हा वरच्यांचा आणि तळातल्यांचा आकडा वेगळा येतो. एकेक उचलून कानाच्या मुळाशी बघावं, उबेचा दिवा आधी बंद करून. कळपापासून दूर, एकटं आणि थंड पडलेलं पिल्लू गरम पिल्लाइतकंच संशयास्पद. करडाच्या कानाचा भरवसा धरू नये, लांब कान हवेवर लगेच थंड-गरम होतात. तिथे डोळाच बरा.

उपचार सुरू झाल्यावरही फोटो थांबवायचे नाहीत. ताप आणि सूज उतरवण्यासाठी डॉक्टर बहुधा मेलोक्झिकॅम देतात आणि काही तासांत डोळ्याचा आकडा कळपात येऊन बसतो, फुप्फुसातला संसर्ग मात्र तिथेच असतो. त्या आकड्यावर विसंबून प्रतिजैविकाचा पुढचा डोस चुकवला जातो. म्हणून इंजेक्शनची वेळ आकड्याशेजारी लिहावी, रोजचा फोटो पुढच्या इंजेक्शनच्या आधी घ्यावा, आणि मेलोक्झिकॅम बंद झाल्यानंतर सलग तीन सकाळी डोळा बाकीच्यांच्या अर्ध्या अंशाच्या आत राहिला की डॉक्टरांना विचारून मगच वासरू परत इतरांच्या शेजारी बांधावं.